विरळ जागा

पाषाणला, हीटर बंद पडलेल्या खोलीत
मी खड्डे मोजते.
रिक्षावाल्याला हे सांगितलं तर म्हणाला,
मग ताई, सूस रोडपासून सुरुवात करा की.

माझे खड्डे वर आहेत,
साडेचारशे किलोमीटर वर, उत्तर ध्रुवापाशी,
सूर्य जिथे महिनोन्महिने फिरकत नाही.
एक उपग्रह दीड तासात पृथ्वीला वळसा घालतो.
त्याच्या काठीच्या टोकाला बोराएवढा गोळा,
चाखत चाखत जातो :
इथे इलेक्ट्रॉन किती, इथे किती.
साखरेच्या खड्याएवढ्या जागेत लाखभर.
मग एकदम वीस हजार. पाच हजार.
मग पुन्हा लाख,
मध्ये काही झालंच नाही अशा चेहऱ्याने.

पहिली दोन वर्षं मी ह्या जागा पुसून टाकल्या.
यंत्राची चूक, दुसरं काय.
कोडच तसा लिहिला होता :
आकडा फार पडला की ओळ काढ,
अलीकडचं पलीकडचं जोड,
सरळ रेघ.
ढमढेरे सरांनी आलेख पाहिला, चष्मा कपाळावर सरकवला.
इतकं गुळगुळीत आकाश, म्हणाले,
कुठल्या दुकानातून आणलंत?

बाबा बिनतारी खात्यात होते.
माझ्या खिडकीतून त्यांच्या जुन्या खांबाचं टोक दिसतं.
रात्रपाळीत ते गडचिरोलीशी बोलायचे.
शब्द वर फेकायचा,
छताला आपटून तो बरोबर जंगलात उतरायचा.
छत म्हणजे काय, त्यांनी पुस्तकात वाचलं नव्हतं.
पण सकाळी डबा घासायला टाकताना सांगायचे,
काल छप्पर विरलं होतं गं, तीन निरोप आरपार गेले.
कुठे गेले, मी विचारायची.
गेले, म्हणायचे, आणि झोपायचे.

गेल्या श्रावणात डोक्यात गुठळी झाली.
गडचिरोली शाबूत आहे, हवालदारांची नावं शाबूत आहेत,
चमचा गेला.
टॉवेल गेला. माझं नाव येऊन जाऊन असतं.
ते दे, म्हणतात, ते... ते.
आणि मी भराभर : पाणी? गोळी? चष्मा? रिमोट?
तोच जुना कोड.
ते भिंतीकडे तोंड करतात.

वरच्या खड्ड्यांचं कारण आता थोडं कळलंय.
अंधारात फार वेळ घुटमळलेला प्लाझ्मा
हळूहळू स्वतःला मिटतो.
फुटून निघालेला इलेक्ट्रॉन
कधीतरी एखाद्या आयनाशी गाठ पडून तिथेच राहतो.
माझा गोळा फक्त सुटे मोजतो,
संसाराला लागलेले त्याच्या हिशेबात नाहीत.
ढमढेरे सर ह्यावर खूश झाले,
अमृततुल्यात क्रीमरोलचे पैसे त्यांनी दिले.
मी गप्प होते.
हे बाबांना लावून बघायचा मोह होत होता.
लावू नये.
उपमेने रक्त पातळ होत नाही,
त्याला रात्री नऊची गोळी लागते.

आज जेवताना त्यांनी हात उचलला.
ते, म्हणाले.
मी काहीच सुचवलं नाही.
कुकरची वाफ बसत होती.
मनात मोजले : अकरा सेकंद.
तेवढ्यात तो वरचा चौऱ्याऐंशी किलोमीटर गेला असेल,
एक बारकासा खड्डा ओलांडून.
शिरूर, बाबा म्हणाले.
मी लोणचं पुढे केलं. मान हलली, नाही.
ताक. नाही.
शिरूर, पुन्हा, जरा चिडून,
आणि उठले, टेबलाला धरून धरून गेले,
आणि खिडकी उघडली.

जानेवारीची थंडी भातावर आली.
डोंगरापलीकडे बाणेरचा उजेड होता,
वर काही दिसत नव्हतं.
बरोबर, मी म्हणाले, शिरूर.
ते परत येऊन बसले
आणि जेवायला लागले.